टी-बॅग की खुली चहापत्ती?

बाजाराचा दिवस होता. झरी जामणी तालुक्यातील एका खेड्यातून साठीच्या पुढच्या एक आजी दवाखान्यात आल्या. सोबत आठ-नऊ वर्षांचा नातू. आजींची कंबर आणि गुडघे बऱ्याच वर्षांपासून आखडलेले. मान वळवायची तर अख्खे अंग वळवावे लागत होते. तपासणी सुरू करण्याआधीच त्यांनी कापडी पिशवीतून एक खोका काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, खुली पत्ती म्या सोडली. लेक म्हने त्याच्यात भेसळ रायते, त्यानंच दुखनं वाढते. त्यानं पुण्याहून ह्या पुड्या आनून देल्या. दोन महिने झाले. मंग गुडघे काऊन नाही थांबत?"

खोक्यात टी-बॅग होत्या. मी विचारले, "आजी, चहा करता कसा?" उत्तर मिळाले ते असे. गंजात पाणी ठेवायचे, त्यात चार पुड्या, साखर, आले, मग दूध आणि "चांगला लाल होईपर्यंत" उकळू द्यायचे. दिवसातून पाच-सहा वेळा. पाणी कुठले, तर दारच्या बोअरचे. सकाळी नातवालाही त्याच चहात पोळी कुस्करून मिळते. नातू तेवढ्यात हसला आणि त्याच्या पुढच्या दातांवर आडवे तपकिरी पट्टे दिसले.

टी-बॅग चांगली की खुली पत्ती, हा प्रश्न अलीकडे मला वारंवार विचारला जातो. शिकलेली मुले-मुली पुण्या-मुंबईहून घरी येतात, आईवडिलांसाठी खोके आणतात आणि घरात वाद सुरू होतो. आजींच्या मुलाचे सगळेच चुकले होते असे नाही. खुल्या पत्तीत भेसळ होते हे खरे आहे. पण ज्या घरात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, त्या घरात चहापत्ती बदलून दुखणे थांबत नाही. म्हणून आज चहापत्तीबरोबरच चहाच्या पाण्याचाही विचार करू.

पुडीत असते तरी काय?

पुष्कळांची समजूत अशी की टी-बॅगमध्ये काहीतरी वेगळा, जास्त शुद्ध किंवा औषधी चहा असतो. तसे नाही. कारखान्यात चहा तयार झाला की तो चाळण्यांवरून जातो. मोठा दाणा वेगळा, बारीक वेगळा आणि सगळ्यात खाली उरते ती भुकटी, जिला व्यापारी 'डस्ट' म्हणतात. टी-बॅगमध्ये मुख्यतः यातला बारीक चुरा आणि डस्ट भरतात, कारण तोच दोन-तीन मिनिटांत रंग सोडतो. आपल्या हॉटेलवाल्याच्या डब्यातही बहुधा डस्टच असते. म्हणजे पुडी सुंदर असली तरी आतला माल मोठ्या दाण्याच्या पत्तीपेक्षा वरच्या दर्जाचा असतोच असे नाही.

आपल्याकडे घरोघरी मिळणारा गोल दाण्याचा चहा 'सीटीसी' पद्धतीचा असतो. हे यंत्र १९३० च्या सुमारास आसामातील अमगुरी मळ्यात विल्यम मॅकर्चर यांनी तयार केले. दातेरी पोलादी रुळांमध्ये पान चिरडले, फाडले आणि गोल वळवले जाते. यामुळे कमी पत्तीत जास्त कप आणि गडद रंग मिळू लागला. गरिबाला चहा परवडला त्यात या यंत्राचा वाटा मोठा आहे. पुडीचा शोध अमेरिकेतला. मिलवॉकी शहरातील दोन महिलांनी १९०१ साली कापडी पिशवीतल्या चहाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. १९०८ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या थॉमस सुलिव्हन नावाच्या व्यापाऱ्याने चहाचे नमुने रेशमी पिशव्यांतून पाठवले आणि गिऱ्हाइकांनी त्या पिशव्या तशाच गरम पाण्यात बुडवल्या, अशी एक गोष्टही सांगतात. आपला हॉटेलवाला लांब कापडी गाळणीतून चहा ओततो, तीही एक प्रकारची पिशवीच म्हणायची. फक्त ती रोज रात्री उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवली जाते का, एवढे विचारून पाहा.

किमतीचेही एक सांगतो. खोक्यावर 'निव्वळ वजन' लिहिलेले असते. शंभर पुड्यांच्या खोक्यात साधारण दोनशे ग्रॅमच चहा असतो. खोक्याची किंमत पाचाने गुणा म्हणजे किलोचा भाव निघेल. तो भाव एकदा किराणा दुकानातील पत्तीशी ताडून पाहा, मग ठरवा.

खुल्या पत्तीतील भेसळ

आता खुल्या पत्तीकडे वळू. पाकीटबंद पत्ती आणि पोत्यातून तागडीवर तोलून दिलेली पत्ती यांत फरक करायला हवा. भीती आहे ती दुसरीची. वापरून झालेला चोथा वाळवून, त्याला रंग देऊन पुन्हा विकणे हा भेसळीचा जुना प्रकार. कधी उडीद-मुगाची साले, कधी लाकडाचा भुसा रंगवून मिसळतात. असा चहा पाण्यात पडताच लालभडक होतो आणि गिऱ्हाईक खूश होते. 'कडक' चहाची आपली हौसच भेसळवाल्याच्या पथ्यावर पडते.

घरच्या घरी तीन परीक्षा करता येतात. काचेच्या ग्लासात थंड पाणी घ्या आणि वरून चिमूटभर पत्ती टाका. खरी पत्ती थंड पाण्यात लगेच रंग सोडत नाही, हळूहळू सोडते. टाकताक्षणी तांबडे-पिवळे धागे खाली उतरू लागले तर समजा की रंग वरून चढवलेला आहे. दुसरी परीक्षा टिपकागदाची. ओल्या टिपकागदावर पत्ती पसरा, पाच मिनिटांनी झटकून टाका आणि कागद नळाखाली धरा. कागदावर रंगाचे ठिपके उठून राहिले तर ती पत्ती दुकानदाराला परत करा. तिसरी परीक्षा लोहचुंबकाची. पत्ती कागदावर पसरून वरून चुंबक फिरवा. पोलादी रुळांच्या घर्षणाने थोडेफार लोखंडी कण चहात येतातच आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यालाही मर्यादा घालून दिली आहे. पण चुंबकाला दाढीसारखा थर चिकटला तर तो घर्षणाचा नव्हे, वजन वाढवण्यासाठी घातलेला समजावा.

टी-बॅगची बाजू इथे वरचढ दिसते, कारण ती बंद खोक्यात येते, त्यावर चौदा आकडी परवाना क्रमांक आणि तारीख असते. पण हीच खात्री पाकीटबंद पत्तीतही मिळते, आणि कितीतरी कमी पैशांत. भेसळीच्या भीतीने टी-बॅगच घ्यायला हवी असे मुळीच नाही. तोलून घेण्याऐवजी बंद पाकीट घ्या, एवढे पुरते.

पुडीचा कागद आणि आपली पन्नी

टी-बॅगविषयी एक वेगळी शंका आता सुशिक्षित वाचक विचारतात. ती पिशवी कशाची असते? साधी चौकोनी पुडी बहुधा गाळणकागदाची असते. हा कागद अबाका नावाच्या, केळीच्या जातीच्या झाडाच्या धाग्यापासून करतात. मात्र कडा उष्णतेने चिकटवायच्या असतील तर त्यात थोडे प्लास्टिक घालावे लागते. दुसरा प्रकार त्रिकोणी, जाळीदार, चकचकीत पुडीचा. ती जाळी रेशमासारखी दिसते, पण पुष्कळदा नायलॉन किंवा पॉलिएस्टरची, म्हणजे प्लास्टिकचीच असते.

कॅनडातील मॅक्गिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा चार प्रकारच्या प्लास्टिक पुड्या घेतल्या, आतला चहा काढून टाकला आणि रिकाम्या पुड्या ९५ अंश तापमानाच्या पाण्यात बुडवल्या. एका पुडीतून सुमारे अकराशे साठ कोटी सूक्ष्म आणि तीनशे दहा कोटी अतिसूक्ष्म प्लास्टिक कण पाण्यात उतरल्याचे त्यांनी जाहीर केले. जर्मनीतील काही शास्त्रज्ञांनी पुढे या मोजणीवर आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे की मोजलेल्यांपैकी पुष्कळसे पाण्यात विरघळलेले पदार्थ होते आणि पाणी सुकल्यावर ते कण म्हणून दिसले. वाद शास्त्रज्ञांना करू द्या. माझा सल्ला साधा आहे. टी-बॅग घ्यायचीच असेल तर कागदी घ्या, जाळीदार घेऊ नका, आणि कुठलीच पुडी गंजात घालून उकळू नका. पुडी कपात दोन-तीन मिनिटे बुडवण्यासाठी असते. आमच्या आजी चार पुड्या दूध-आल्यासह दहा-दहा मिनिटे उकळत होत्या.

जुन्या पुड्यांना दोरी अडकवण्यासाठी धातूची पिन मारलेली असे. ती सुटून पोटात जाण्याचा धोका असल्याने अशा पिना बंद करण्याचा आदेश अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्ये काढला. कपाटात मागे पडलेला जुना खोका असेल तर तो टाकून द्या.

पण प्लास्टिकच्या बाबतीत मला टी-बॅगपेक्षा जास्त काळजी वाटते ती पन्नीची. टपरीवरचा उकळता चहा पातळ पन्नीत ओतायचा, तोंडाला गाठ मारायची आणि तो दुकानात, कचेरीत, दवाखान्यात रुग्णाच्या नातेवाइकांकडे पोचवायचा, हे आपल्या जिल्ह्यात रोज दिसते. आपली खरी टी-बॅग तीच! राज्यात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, तरी चहाची पन्नी काही गेली नाही. कागदी कपांच्या आतही प्लास्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीत २०२० मध्ये झालेल्या अभ्यासात शंभर मिलिलिटर गरम पाणी अशा कपात पंधरा मिनिटे ठेवल्यावर सुमारे २५ हजार सूक्ष्म प्लास्टिक कण त्यात उतरलेले आढळले. स्टीलची किटली आणि काचेचे ग्लास घेऊन पोऱ्या चहा आणून देत असे, ती पद्धत उत्तम होती. दुकानदार मंडळींनी एक थर्मास घेतला तरी काम भागेल.

चहाचे पाणी

आता आजींच्या गुडघ्यांकडे आणि नातवाच्या दातांकडे येऊ. आपल्या जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे, हे फार पूर्वीच नोंदले गेले आहे. पांढरकवडा परिसरातील भूजलाचा अभ्यास २००७ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात काही नमुन्यांत लिटरला १३ मिलिग्रॅमच्याही वर फ्लोराइड आढळले होते. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्या देशाचे मानक लिटरला १ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त १.५.

चहाचे झुडूप जमिनीतून फ्लोराइड ओढून पानांत साठवते. कोवळ्या शेंड्यात ते कमी आणि जून पानात कितीतरी पट जास्त असते. म्हणून जून पानांपासून केलेला स्वस्त चहा फ्लोराइडच्या बाबतीत जास्त जड पडतो. बारीक दाण्यातून ते पाण्यात लवकर उतरते आणि उकळी लांबली की आणखी उतरते. इंग्लंडमध्ये २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाजारातील स्वस्त मिश्र चहाच्या अर्कात लिटरला सरासरी ६ मिलिग्रॅमच्या आसपास फ्लोराइड आढळले. चांगल्या प्रतीच्या चहांत ते बरेच कमी होते. यात टी-बॅग की खुली पत्ती हा भेद गौण आहे. पान कोवळे की जून आणि किती वेळ उकळले, हे महत्त्वाचे.

याचे टोकाचे उदाहरण अमेरिकेतील डेट्रॉइटचे आहे. तेथील ४७ वर्षांच्या एका बाईंना हाडांच्या दुखण्याने हैराण केले होते. चौकशी करता कळले की त्या सतरा वर्षे रोज १०० ते १५० टी-बॅगचा एक मोठा जग चहा करून पीत होत्या. त्यांच्या हाडांत फ्लोराइड साठले होते. ही हकीकत २०१३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आली. शुद्ध, पाकीटबंद, पिशवीतला चहा होता तो!

घाबरून जाऊ नका. ज्यांच्याकडे पाणी चांगले आहे आणि जे दिवसातून तीन-चार कप चहा पितात, त्यांना चहातील फ्लोराइडची चिंता करण्याचे कारण नाही. हिशेब मांडून पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पाणी, अन्न, चहा असे सगळे मिळून दिवसाला ६ मिलिग्रॅमच्या पुढे गेले की हाडांवर परिणाम होण्याची शक्यता वाढू लागते आणि १४ मिलिग्रॅमला तो स्पष्ट दिसतो. आपल्याकडे मे महिन्यात शेतात राबणारा माणूस चार लिटर पाणी सहज पितो. त्या पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर ८ मिलिग्रॅम नुसत्या पाण्यातूनच झाले. त्यावर दहा कप चहाचे एक-दोन किंवा त्याहून अधिक मिलिग्रॅम. म्हणजे मोठा भार पाण्याचा, आणि चहा त्यात भर घालतो.

पाणी उकळले की सगळे दोष जातात, असे आपण मानतो. जंतूंच्या बाबतीत ते खरे आहे. फ्लोराइड मात्र उकळून जात नाही. वाफ होऊन पाणी कमी होते आणि फ्लोराइड तेवढेच उरते. लिटरभर पाणी आटून पाऊण लिटर झाले तर त्या पाऊण लिटरात आधीचेच सगळे फ्लोराइड असते. कापडाने गाळून, तुरटी फिरवून किंवा साध्या कँडलच्या फिल्टरनेही घरात ते काढता येत नाही. आरओ यंत्राने किंवा सक्रिय ॲल्युमिना भरलेल्या फिल्टरने निघते. गावात आरओचे पाणी विकत मिळत असेल तर गाळलेल्या पाण्याचा फ्लोराइडचा अहवाल चालवणाऱ्याकडे मागा. तो मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

आपल्या बोअरचे पाणी तपासून घेणे अवघड नाही. ग्रामपंचायतीमार्फत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवता येतो. बाटली स्वच्छ प्लास्टिकची घ्या, काचेची नको. आधी थोडा वेळ पाणी वाहू द्या, त्याच पाण्याने बाटली दोन-तीनदा विसळा आणि मग भरा. 'फ्लोराइड तपासायचे आहे' हे स्पष्ट लिहून द्या. नाहीतर केवळ जंतूंची तपासणी होऊन अहवाल 'पिण्यायोग्य' असा येतो आणि आपण निर्धास्त होतो. उघड्या विहिरीचे पाणी फ्लोराइडच्या दृष्टीने पुष्कळदा खोल बोअरपेक्षा बरे निघते. तेही तपासा, आणि तिथे टीसीएल पावडर मात्र वेळच्या वेळी पडली पाहिजे.

दुखणे फ्लोराइडचे असू शकते का, याचा अंदाज घेण्यासाठी तीन हालचाली करून पाहाव्यात. गुडघे न वाकवता पायाच्या अंगठ्याला हात लावता येतो का? हनुवटी छातीला टेकते का? दोन्ही हात मानेमागे नेता येतात का? साठीनंतर गुडघे दुखण्याचे सर्वसाधारण कारण झीज हेच असते. पण मान, कंबर, खांदे सगळेच आखडले असतील, त्याच घरातील मुलांच्या दातांवर पट्टे असतील, तर डॉक्टरांना पाण्याविषयी जरूर सांगा. दात हिरडीच्या आत घडत असतात त्या वयात, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, फ्लोराइड जास्त गेले की हे पट्टे येतात. मंजनाने घासून ते जात नाहीत. पोराला उगाच 'दात घासत नाही' म्हणून रागावू नये.

लहान मुलांना चहा देऊच नये, असे मी म्हणतो ते यामुळे. चहा-पोळी, चहा-टोस्ट ही आपल्या खेड्यांतील सकाळची न्याहारी. दूध महाग, चहात दोन चमचे दूध गेले की पोराला 'दूध दिल्याचे' समाधान. त्याऐवजी पोळीवर थोडे तेल-तीळ घालून द्या, ज्वारीची आंबील द्या, मिळेल तेव्हा दूध द्या. पावसाळ्यात फुकट उगवणाऱ्या तरोट्याच्या भाजीत आणि शेवग्याच्या पाल्यात भरपूर कॅल्शियम असते. कॅल्शियम पोटात असले की फ्लोराइड कमी शोषले जाते. दुधाचा चहा कोऱ्या चहापेक्षा या एका बाबतीत थोडा बरा, तो याच कारणाने.

लोहाची गोळी चहाबरोबर नको

चहाच्या पत्तीतील तुरट द्रव्ये अन्नातील लोहाला पकडून ठेवतात. भाजी, डाळ, ज्वारी-बाजरीतील लोह यामुळे फार कमी शोषले जाते. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आहे, असे २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. शेतावर निघण्यापूर्वी पोळी आणि चहा, दुपारी जेवण झाले की लगेच चहा, ही आपली रीत. आशाताईंनी दिलेली लाल गोळीसुद्धा कितीतरी गर्भवती बाया चहाच्या घोटाबरोबर घेतात आणि महिन्याने म्हणतात, "गोळ्या खाऊनही रक्त वाढत नाही." जेवण किंवा गोळी आणि चहा यांत निदान तासाभराचे अंतर ठेवा. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या, सोबत लिंबू किंवा आवळा असला तर उत्तम. पत्ती टी-बॅगची असो की खुली, नियम तोच. ग्रीन टीलाही तोच नियम. त्याच्या खोक्यावर वजन घटवण्याच्या गोष्टी लिहिलेल्या असतात, त्यांवर फार विसंबू नये.

मग टी-बॅग कोणासाठी? तिचा एक फायदा मला मनापासून पटतो. गंजातला चहा सगळ्यांसाठी एकदमच गोड होतो. मधुमेही माणूस पाहुणा म्हणून गेला की त्याला 'थोडाच घ्या' म्हणत तोच चहा दिला जातो. चमचाभर साखर म्हणजे साधारण पाच ग्रॅम. दोन चमचे एका कपात, असे आठ कप झाले तर ऐंशी ग्रॅम साखर नुसती चहातून जाते. पुडीच्या चहात साखर ज्याची त्याने घालायची असते. रुग्णालयात रुग्णाजवळ, एसटीच्या प्रवासात, कचेरीत, एकट्या माणसाच्या खोलीवर ती सोयीची आहे. एरवी हीच सोय खुल्या पत्तीनेही होते. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करायचा, पत्ती टाकायची, तीन मिनिटे झाकण ठेवायचे आणि गाळायचे. दूध वेगळे गरम करून घालायचे, साखर ज्याची त्याने. मोठ्या दाण्याची, पाकीटबंद पत्ती घेतली की यात पुडीचे सगळे गुण आले, पिशवी तेवढी वगळून. रंग थोडा फिका येईल. आठ दिवसांत जिभेला त्याची सवय होते, हे मी माझ्या घरच्या विरोधाला तोंड देऊन सांगतो आहे. जुन्याच चोथ्यावर नवी पत्ती टाकून दिवसभर उकळत ठेवलेला टपरीचा चहा मात्र टाळावा.

आजींच्या बोअरच्या पाण्याचा नमुना आम्ही पाठवला. फ्लोराइड मर्यादेच्या वर निघाले. आता त्यांच्याकडे स्वयंपाकाला, प्यायला आणि चहाला गावातील उघड्या विहिरीचे, तपासलेले पाणी येते. ते आणण्याचे काम सुनेच्या डोक्यावर पडले आहे, हेही सांगायला हवे. बोअर फक्त धुण्याभांड्याला. नातवाचा चहा बंद झाला. आजींचा तीन कपांवर आला. हाडांत वर्षानुवर्षे साठलेले फ्लोराइड दोन-चार महिन्यांत निघत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले आहे. मानेचा ताठरपणा तसाच आहे. दुखणे थोडे कमी वाटते असे त्या म्हणतात, त्यात व्यायामाचा भाग किती आणि पाण्याचा किती, हे आताच सांगणे घाईचे होईल.

गेल्या खेपेला उठता उठता त्यांनी विचारले, "मंग डॉक्टरसाहेब, त्या उरलेल्या पुड्याइचं काय करू? लेकानं पैशे देऊन आनल्या." मी म्हटले, "आजी, तुमच्या पुड्या कागदाच्याच आहेत, टाकू नका. पाहुणे आले की कपात बुडवून द्या. पण विहिरीच्या पाण्यात, आणि उकळायच्या नाहीत."